रिपल टँक किट पाच महिने वापरून झालं: लाटा खरंच मोजता येतात, फक्त सोबतच्या माहितीपत्रकाच्या भरवशावर राहू नका

तरंगांचा धडा शिकवताना माझं दरवर्षी एकाच ठिकाणी अडतं. वेग म्हणजे फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती लाटा) गुणिले वेव्हलेंग्थ (एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचं अंतर) हे सूत्र मुलं दोन मिनिटांत पाठ करतात, त्यावरची गणितंसुद्धा धडाधड सोडवतात, पण मग फ्रिक्वेन्सी वाढवली तर लाटेचं नेमकं काय होतं असं विचारलं की सगळे गप्प. फळ्यावर वाकड्यातिकड्या रेषा काढून मी कंटाळले होते, म्हणून शेवटी हे टेबलावर मावणारं रिपल टँक किट मागवलं. पाच महिने झाले, बऱ्यापैकी राबवून घेतलंय, त्यामुळे आता मनापासून सांगू शकते की काय चांगलं आहे आणि कुठे डोकं लावावं लागतं.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: साधारण 40 सेमी बाय 40 सेमीचा काचेच्या तळाचा उथळ ट्रे, त्याला चार स्क्रूचे पाय, वर दांड्यावर एलईडीचा दिवा, खाली पांढरा पडदा. पाण्यावर एक पट्टी रबरबँडने टांगलेली असते, तिच्यावर छोटी मोटर, मोटरच्या दांडीला एका बाजूला वजन. मोटर फिरली की पट्टी थरथरते आणि पाण्यात लाटा उठतात. लाटेचा उंचवटा बहिर्वक्र भिंगासारखं काम करतो, प्रकाश गोळा होतो आणि खाली पडद्यावर उजळ रेघ पडते, खोलगट भागाखाली काळपट पट्टा. म्हणजे पाण्यातली लाट तुम्ही पाण्यात बघतच नाही, तिचा प्रकाशात उमटलेला ठसा पडद्यावर बघता. पहिल्यांदा दिवे घालवून मोटर सुरू केली तेव्हा पडद्यावर त्या रेघा एकामागोमाग एक सरकताना बघून मी स्वतःच पाच मिनिटं काही बोलले नाही, इतकं सुंदर दिसतं ते.

ही कल्पना काही नवी नाही. थॉमस यंग यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या आपल्या व्याख्यानांत, जी 1807 मध्ये छापली गेली, अशाच उथळ पाण्याच्या टाकीचं वर्णन केलंय आणि दोन ठिकाणांहून निघालेल्या लाटा एकमेकींवर आल्या की काय होतं ते दाखवलंय, प्रकाश हीसुद्धा लाटच आहे हे पटवण्यासाठी. तर दोनशे वर्षांहून जुना प्रयोग आहे आणि आजही त्याला तोड नाही.

आता मुद्द्याचं. पहिल्याच दिवशी मोजमापं चुकली, आणि ती का चुकली हे शोधण्यात मी जे शिकले ते किटपेक्षा जास्त मोलाचं आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते.

माहितीपत्रकात लिहिलंय की ट्रेमध्ये 1 ते 2 सेमी पाणी भरा, तीन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वेव्हलेंग्थ मोजा आणि दोन्हींचा गुणाकार दर वेळी सारखा येतो हे पडताळा. मी दीड सेमी भरलं. 6 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला सहा लाटा असताना, वेव्हलेंग्थ 4.7 सेमी आली, गुणाकार 28. 8 हर्ट्झला 3.1, गुणाकार 25. 12 हर्ट्झला 1.9, गुणाकार 23. प्रत्येक वेळी घसरतोय! आधी वाटलं मीच नीट मोजत नाहीये, तीनदा परत केलं, तेच आकडे. मग लक्षात आलं की चूक माझी नाही, पाणी जास्त आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लाटांचा वेग दोन गोष्टींनी ठरतो, एक गुरुत्वाकर्षण आणि दुसरा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण. पाणी पुरेसं खोल असेल तर लांब लाटा गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर जास्त वेगाने पळतात, आणि खूप आखूड लाटांना पृष्ठताण पळवतो, त्यामुळे प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा वेग वेगळा. पण पाणी साधारण 5 मिमी ठेवलं ना, की हे दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ फिटवून टाकतात आणि बऱ्याच मोठ्या पट्ट्यात वेग एकच राहतो. मी पाणी काढून 5 मिमीवर आणलं आणि परत मोजलं: 6 हर्ट्झला 3.7 सेमी, 8 ला 2.75, 12 ला 1.85. गुणाकार तिन्ही वेळा सेकंदाला 22 सेमीच्या आसपास. खरंच सांगते, वहीत ते तीन आकडे एकाखाली एक बघून जो आनंद झाला तो शब्दात नाही सांगता येत. 20 हर्ट्झच्या वर गेलं की पृष्ठताणामुळे वेग पुन्हा थोडा चढतो, 24 हर्ट्झला एक सेमीच्या आसपास वेव्हलेंग्थ मिळते म्हणजे वेग 24, पण तेवढं चालतं.

तर किट घेतलंत तर पत्रकावरचं 1 ते 2 सेमी खोडा आणि 5 मिमी लिहा. एवढ्या एका ओळीसाठी कितीतरी जणांनी हे किट खराब आहे म्हणून कपाटात टाकून दिलं असेल.

दुसरी गोष्ट जी पत्रकात नाही: पडद्यावर दिसते ती सावली मोठी झालेली असते. माझ्याकडे दिवा पाण्याच्या वर 45 सेमी आणि पडदा पाण्याच्या खाली 45 सेमी, म्हणजे बरोबर दुप्पट. पडद्यावर पट्टी लावून मोजलं आणि भागायचं विसरलात तर सगळं दुप्पट येणार. सोपा उपाय म्हणजे पारदर्शक पट्टी ट्रेमध्ये पाण्यात ठेवायची आणि तिच्या सावलीतला एक सेमी पडद्यावर किती होतो ते बघून घ्यायचं, मग दिवा थोडा वरखाली झाला तरी काळजी नाही. आणि एक रेघ ते दुसरी रेघ असं मोजू नका, पहिल्या रेघेपासून अकराव्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा आणि दहाने भागा.

स्ट्रोब हा या किटचा सगळ्यात भारी भाग आणि सगळ्यात फसवा भागही. दिवा सेकंदाला ठरावीक वेळा लुकलुकतो, तो लाटांच्या फ्रिक्वेन्सीशी जुळला की पडद्यावरच्या रेघा जागच्या जागी थिजतात आणि निवांत मोजता येतात. स्ट्रोबवर आकडा दिसतो, मोटरच्या नॉबवर मात्र काहीच आकडे नाहीत, त्यामुळे फ्रिक्वेन्सी कळते ती स्ट्रोबवरूनच. माझा भाचा सुट्टीत आला होता, त्याने नॉब फिरवून रेघा थांबवल्या, आकडा वाचला 4, वेव्हलेंग्थ आली 2.75, आणि वेग आला 11. म्हणाला, "मावशी, आज पाणी हळू चाललंय का?" मी म्हटलं, "अरे, स्ट्रोब हळूहळू वाढवत जा, बघ अजून कुठे थांबतात ते." 8 ला पुन्हा थांबल्या, तशाच. 16 ला परत थांबल्या पण आता रेघा दुप्पट, दोन रेघांमधलं अंतर निम्मं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दिवा 4 हर्ट्झला लुकलुकत असेल तर दोन चमकांच्या मधे लाट दोन घरं पुढे सरकते, पण सगळ्या रेघा सारख्याच दिसतात म्हणून आपल्याला ती थांबल्यासारखी वाटते. 16 ला ती अर्धंच घर सरकते म्हणून दोन्ही जागी रेघ दिसते. म्हणून नियम असा की एकेरी रेघा थांबतात तो सगळ्यात वरचा आकडा घ्यायचा, त्याच्या पुढे गेलं की दुहेरी होतात, तीच खूण. हेसुद्धा पत्रकात नाही.

त्याच बैठकीत त्याने तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी हे किट घेतलं होतं. "फ्रिक्वेन्सी वाढवली तर लाट जोरात पळायला पाहिजे ना, इतक्या पटापट येतायत त्या?" बघा, हे जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. मोटर जोरात फिरते, रेघा भराभर निघतात, म्हणजे वेग वाढला असणार. मी त्याला फक्त एकच रेघ डोळ्यांनी धरून ठेवायला सांगितलं, स्ट्रोब बंद करून साध्या सलग उजेडात, आणि ती ट्रेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईपर्यंत टाइम घ्यायला सांगितला. 6 हर्ट्झला आणि 12 हर्ट्झला, दोन्ही वेळा दोन सेकंदांच्या आत, फरक कळण्याइतकाही नाही. लाट तेवढ्याच वेगाने जाते, फक्त तिच्या मागची जास्त जवळ आलेली असते. मोटर काय ठरवते तर सेकंदाला किती लाटा निघणार. पाणी काय ठरवतं तर त्या किती वेगाने जाणार. आणि वेव्हलेंग्थ कोणी वेगळी ठरवत नाही, या दोघांच्या मधे जी बसते ती. हे मी फळ्यावर शंभर वेळा बोलले असेन पण ट्रेमध्ये ते मुलं स्वतः बोलतात.

मग ॲक्रिलिकची प्लेट. ती पाण्यात बुडवून ठेवायची, तिच्यावर जेमतेम दीड मिमी पाणी राहील अशी. उथळ पाण्यात लाट हळू चालते. 8 हर्ट्झवर ठेवून बघा, बाहेर रेघा 2.75 सेमी अंतरावर आणि प्लेटवर चढल्या की 2 सेमीवर, दाटीवाटीने. पण स्ट्रोबमध्ये दोन्हीकडच्या रेघा एकदमच थिजलेल्या असतात, एका बाजूच्या थांबल्या आणि दुसऱ्या सरकतायत असं कधीच होत नाही. म्हणजे फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे तीच. आणि विचार केला तर दुसरं काही होऊच शकत नाही, कडेपाशी सेकंदाला आठ लाटा येतायत तर पलीकडे आठच निघणार, मधे कुठे लाटा साठून राहणार? प्लेट तिरकी ठेवली की लाटेचं एक टोक आधी उथळ भागात शिरतं आणि मागे पडतं, दुसरं टोक अजून जोरात असतं, म्हणून अख्खी लाट वळते. तेच अपवर्तन. समुद्राच्या लाटा तिरप्या आल्या तरी किनाऱ्याजवळ येताना बऱ्यापैकी समांतर होतात त्याचंही कारण हेच.

हे दाखवून झालं की मी मुलांना त्सुनामीचं सांगते, कारण ट्रेमधलंच गणित तिथे लागतं. खोल समुद्रात, 4000 मीटर पाण्यात, त्सुनामीचा वेग ताशी 700 किमीच्या आसपास. दोन लाटांमधलं अंतर समजा 15 मिनिटांचं, तर वेव्हलेंग्थ भरते 180 किमीच्या जवळपास. एवढ्या लांब लाटेसाठी चार किमी खोल समुद्रसुद्धा उथळच, आमच्या ट्रेसारखा. तीच लाट 10 मीटर खोल पाण्यात आली की वेग ताशी 36 किमी, वेव्हलेंग्थ 9 किमी, पण अंतर तेच 15 मिनिटांचं. लाट आकसते, ऊर्जा कमी जागेत कोंबली जाते आणि उंची वाढते. प्रकाशाचंही तसंच, लाल प्रकाशाची हवेतली वेव्हलेंग्थ 700 नॅनोमीटर धरली तर पाण्यात ती 525 च्या आसपास होते, तरी पाण्याखाली डोळे उघडले तर लाल वस्तू हिरवी दिसत नाही, कारण फ्रिक्वेन्सी बदललेलीच नसते.

माझ्या मते या किटचा खरा जीव मात्र फटीच्या प्रयोगात आहे. धातूच्या दोन पट्ट्या उभ्या करून मधे 3 सेमी फट ठेवा. आधी 24 हर्ट्झ, वेव्हलेंग्थ एक सेमी. फटीतून लाटा पलीकडे एका झोतासारख्या सरळ जातात, दोन्ही बाजूंना पट्ट्यांच्या मागे बऱ्यापैकी शांत पाणी, सावलीच म्हणा ना. आता हात न लावता, फट तेवढीच ठेवून, फक्त मोटर हळू करा. 12 ला झोत फुगायला लागतो, 8 ला पंखा उघडावा तसा पसरतो, आणि 6 हर्ट्झला, म्हणजे वेव्हलेंग्थ फटीपेक्षा मोठी झाली की, पलीकडे जवळजवळ पूर्ण अर्धवर्तुळं. सावली गायब. एकच फट, एकच पाणी, जवळजवळ एकाच वेगाच्या लाटा, आणि वागणं पार वेगळं. लाट कोपऱ्यावरून वळणार का सरळ जाणार हे तिच्या एकट्याच्या अंगी नसतं, समोरची फट किंवा अडथळा तिच्या वेव्हलेंग्थच्या मानाने किती मोठा आहे त्यावर असतं. हे नॉब फिरवता फिरवता डोळ्यांसमोर घडतं, त्यासाठी मी बाकी सगळ्या तक्रारी माफ करायला तयार आहे.

यानंतर किती गोष्टी आपोआप उलगडतात बघा. दाराआडून माणूस दिसत नाही पण आवाज येतो, कारण 340 हर्ट्झच्या आवाजाची वेव्हलेंग्थ एक मीटर, दाराच्या रुंदीएवढी, आणि प्रकाशाची मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. स्पीकरचा बेस खोलीत कुठेही बसलं तरी ऐकू येतो पण बारीक टिपेचे आवाज समोर बसलं तरच नीट लागतात, कारण 100 हर्ट्झची लाट साडेतीन मीटरची आणि 10,000 हर्ट्झची साडेतीन सेमीची. वटवाघूळ 50 किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतं तेव्हा वेव्हलेंग्थ 7 मिमी होते, म्हणून एवढासा किडासुद्धा त्याला प्रतिध्वनीत सापडतो, मीटरभर लांबीची लाट त्या किड्याला वळसा घालून निघून गेली असती. सोनोग्राफीत 5 मेगाहर्ट्झला शरीरातली वेव्हलेंग्थ 0.3 मिमी, त्याहून बारीक काही बघायचं तर फ्रिक्वेन्सी वाढवावी लागते, पण मग आवाज आत फार खोल पोचत नाही. वायफायचं पण मुलं विचारतात, 2.4 गिगाहर्ट्झ म्हणजे साडेबारा सेमी आणि 5 म्हणजे 6 सेमी, पण तिथे मी जपून बोलते, भिंत सिग्नल किती शोषते हा वेगळा भाग आहे आणि सगळंच काही वळण्याच्या गोष्टीवर ढकलता येत नाही.

दोन डिपरचा (थरथरत्या पट्टीला लावलेली, पाण्याला टेकणारी टोकं) प्रयोग पण छान होतो. दोन्ही टोकं 6 सेमी अंतरावर लावली की 8 हर्ट्झला शांत पाण्याच्या चार रेषा दिसतात, 12 ला सहा, 15 ला आठ. त्या रेषांवर एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खोलगा एकाच वेळी येतो म्हणून पाणी जवळपास हलत नाही. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा आणि मग मोजायला लावा, फार रंगतात.

आता तक्रारी. माझ्या पहिल्या ट्रेच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं, बदलून मिळाला पण त्यात तीन आठवडे गेले, तर आल्या आल्या पाणी भरून रात्रभर ठेवून बघा. 5 हर्ट्झच्या खाली मोटर अडखळते आणि लाटा एकसारख्या येत नाहीत, मोटर चांगल्या दर्जाची द्यायला हवी होती. स्पंजच्या पट्ट्या फार आखूड आहेत, काठावरून लाटा परत येतात आणि सगळं चित्र गढूळ होतं, मी तिरप्या कापलेल्या जाड स्पंजच्या लांब पट्ट्या चारी बाजूंना लावल्या तेव्हा कुठे निवळलं. लेव्हलिंगचे स्क्रू चांगले आहेत पण स्पिरिट लेव्हल दिलेली नाही, आणि ट्रे एका बाजूला दोन मिमी जरी कलला तरी तिकडे वेग बदलतो आणि सरळ रेघा वाकड्या दिसतात, मुलांना मग वाटतं अपवर्तन झालं. डिपरच्या टोकाखाली हवेचा बुडबुडा राहिला तर लाटा एका बाजूला लंगड्या निघतात, पाण्यात बुडवताना बोटाने पुसून घ्या. आणि काच साबणाने धुवाच, पण नंतर चार वेळा साध्या पाण्याने, कारण साबणाचा किंवा बोटांच्या तेलाचा पातळ थर राहिला तरी बारीक लाटा अर्ध्या वाटेतच विरतात आणि पृष्ठताण बदलल्याने आकडेही हलतात.

घ्यावं का? घरात किंवा क्लासमध्ये आठवी ते बारावीची मुलं असतील आणि तुमची मोजायची तयारी असेल तर डोळे झाकून घ्या. नुसतं बटण दाबून गंमत बघायची असेल तर आठवडाभरात बाजूला पडेल, कारण हे किट तुमच्याकडून मेहनत मागतं. मी पाचपैकी चार स्टार देतेय, एक कापला तो पूर्णपणे त्या माहितीपत्रकासाठी. मागवताना एक जास्तीची ॲक्रिलिक प्लेट आणि वाकवता येणारी पट्टी मागून घ्या, पट्टी पॅराबोलासारखी वाकवून समोरून सरळ लाटा सोडल्या की त्या परत येताना एका बिंदूवर गोळा होतात, डिश अँटेना कशी चालते ते तिथल्या तिथे दिसतं, आणि फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की तो बिंदू आणखी आखीव होत जातो.